पांगाऱ्याचं कुंपण

आमच्या फर्नांदोच्या बेटावर झाडाला मोठं होऊ देत नसत. कारण सरळ होतं. झाड म्हणजे ओंडका, ओंडके म्हणजे तराफा आणि तराफा म्हणजे एक कैदी कमी. बेट हाच तुरुंग, त्यामुळे कैद्यांना कुणी कोंडून ठेवत नसे. सकाळी घंटा झाली की हजेरी, मग मक्याची शेतं नाहीतर चुन्याची भट्टी, संध्याकाळी पुन्हा हजेरी आणि मग ज्याची त्याची झोपडी. कुणाकुणाच्या बायकाही मागोमाग येऊन राहिल्या होत्या. माझी आई त्यांतली. बाप चांभारकाम करायचा आणि मी बेटावरच जन्मले. गुन्हा बापाचा होता, पण सावली मलाही मिळाली नाही.

झाडांवर नजर ठेवायचं काम ज्या शिपायाकडे होतं, त्याच्याशीच माझं लग्न झालं. एवारिस्तो त्याचं नाव, हुद्दा नाईकाचा. कमरेला कायम एक दोरी आणि दोरीला एक गाठ. बुंध्याभोवती दोरी फिरवायची. टोक गाठीपर्यंत पोचलं तर झाड वाचलं, नाही पोचलं तर कुऱ्हाड. काम इमानानं करायचा, आणि त्या इमानाचाच मला राग यायचा. एकदा आमच्या दारातलं सीताफळाचं झाड तोडलं त्यानं, फळं धरलेली असताना.

"सरकारचा हुकूम आहे, जोविना," म्हणाला.

"मग आज सरकारलाच सांग वाढायला," मी म्हटलं, आणि चूल पेटवली नाही.

त्या दोरीला तोंडावर हसायची हिंमत बेटावर एकाच माणसाला होती. बेलार्मिनो. सरकारी शेळ्या सांभाळायचा. मूळचा मुख्य भूमीवरच्या सिआराच्या किनाऱ्यावरचा तराफेवाला. तिकडे कोळ्यांना होडी परवडत नाही. सहा ओंडके लाकडी खुंट्यांनी एकमेकांना जोडायचे, खिळा एकही नाही, वर एक शीड, आणि किनारा दिसेनासा होईपर्यंत आत जायचं. असल्या तराफ्यावर तो तांडेल होता. बेटावर आल्यावर समुद्रात पाय बुडवायलाही शिपायाची परवानगी लागायची, तरी आम्ही सगळे त्याला तांडेलच म्हणायचो. शिक्षा तीस वर्षांची.

लहानपणी मी त्याला एकदा विचारलं होतं, "तांडेल, तुम्ही खरंच माणूस मारलात?"

"मारला," तो म्हणाला. शेळीची धार काढत होता, हात थांबला नाही. "तराफ्यांचा मालक होता. आमच्यात एक रीत आहे, पोरी. समुद्रावरून जो आधी परत येतो, तो आपल्या घरी जात नाही. मागे कोण राहिलं, कोण बुडालं, त्यांच्या घरी आधी निरोप. मग आपलं घर. पोर आजारी असो, बायको वाट बघत असो, आधी निरोप."

"मग?"

"माझा भाऊ बुडाला. दुसऱ्या तराफ्यावरच्यांनी बघितलं. ते परत आले, तर मालकानं त्यांना वखारीतच दाबून ठेवलं. ओंडके कुजके होते ना त्याचे. बोभाटा झाला तर पुढच्या खेपेला कोण चढेल? माझी आई तीन दिवस किनाऱ्यावर उभी होती. जेवली नाही, बसली नाही. भाऊ समुद्रानं नेला, त्याचं मला काही नाही. समुद्र नेतोच. पण म्हातारीला तीन दिवस उभं ठेवलं त्यानं." मग धारेचं भांडं माझ्या हातात दिलं. "आईला दे जा. सांडू नकोस."

घरी त्याची एक तान्ही पोरगी राहिली होती. तिच्याबद्दल मात्र तो कधी बोलायचा नाही.

शेळ्यांच्या वाड्याला त्यानं पांगाऱ्याचं कुंपण केलं होतं. पांगाऱ्याची फांदी तोडून नुसती जमिनीत खोचली तरी ती धरते, पालवते, तिचं झाड होतं. लाकूड मात्र हलकं, काडीमोलाचं. जळणालाही धड नाही, धूरच फार. म्हणून कुंपणाला कुणी हरकत घेतली नाही. एवारिस्तो वर्षातून दोनदा जायचा, दोरी फिरवायचा, जाड झालेले बुंधे उडवायचा. पण वाड्याच्या आतल्या अंगाला भोपळ्याचा वेल दाट माजला होता आणि तिथे एक बोकड असायचा. बेलार्मिनोनं त्याचं नाव ठेवलं होतं सार्जंट. हा बोकड बाकी कुणाला काही करायचा नाही, गणवेश दिसला की मात्र शिंगं खाली.

"नाईकसाहेब, आत येता का मोजायला?" बेलार्मिनो कुंपणापलीकडून विचारायचा.

"तुझा बोकड बांध आधी."

"बांधला असता हो. पण हुद्द्यानं तो तुमच्यावर. मी कैदी माणूस, सार्जंटला कसा बांधू?"

आजूबाजूचे सगळे कैदी हसायचे. एवारिस्तो लाल होऊन बाहेरूनच निघून यायचा. माझे दिवस भरत आले तेव्हा तर या म्हाताऱ्यानं भर हजेरीत त्याला गाठलं. "नाईकसाहेब, तुमच्या घरातला बुंधा गाठीबाहेर गेला की हो! कुऱ्हाड कधी?" कैदी हसले, शिपाई हसले, बेटाचा कारभार बघणाऱ्या डिरेक्टरसाहेबांनी हसू लपवायला मिशीवर हात ठेवला. घरी येऊन एवारिस्तोनं मला सांगितलं तेव्हा मीही हसले, म्हणून तो माझ्यावरही रुसला.

आणि मग माझी वेळ आली ती नेमकी उत्तरेचा समुद्र उठतो त्या दिवसांत.

त्या महिन्यांत आमच्याकडे वारा नसतानाही लाटा घराएवढ्या येतात. रेसिफे शहराहून आगबोट आली होती, पण बंदरापासून दूर उभी होती. आदल्याच दिवशी तिचं सामान उतरवायला गेलेली सरकारी होडी खडकावर आपटून फुटली. माणसं पोहून आली, होडीच्या फळ्या राहिल्या. बेटावरचा डॉक्टर रजेवर गेलेला. आणि माझ्या कळा दुसऱ्या दिवसावर गेल्या तरी पोर येईना.

तेक्लाआजी आमची सुईण. नवऱ्याला विष घातलं म्हणून बेटावर आलेली बाई, पण हात देवाचा. बेटावरची निम्मी पोरं तिनं काढलेली, मलासुद्धा. तिनं माझं पोट चाचपलं, हात धुतले आणि एवारिस्तोला दाराबाहेर बोलावलं. मला वाटतं तिला वाटलं मला ऐकू येणार नाही.

"पोर आडवं आहे," ती म्हणाली. "दोनदा वळवून बघितलं. माझ्या हातचं नाही हे. आगबोटीवर डॉक्टर असतो म्हणतात."

"आगबोट तिकडे, आपण इकडे," एवारिस्तो म्हणाला.

"मग पाद्रीबाबांना बोलाव," तेक्लाआजी म्हणाली.

तो पाद्रीबाबांकडे गेला नाही. धावत शेळ्यांच्या वाड्याकडे गेला. पुढचं त्यानं मला नंतर इतक्या वेळा सांगितलं आहे की मी तिथे होते असंच मला वाटतं. बेलार्मिनो चारा टाकत होता. एवारिस्तोनं गणवेशातच कुंपणावरून उडी मारली. सार्जंटनं त्याला एक धडक दिली, ती त्याच्या लक्षातही आली नाही.

"तांडेल," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्यानं त्याला तांडेल म्हटलं. "या समुद्रातून आगबोटीपर्यंत काय जाऊ शकेल?"

"होडी नाही जाणार. उलटेल. तराफा जाईल. तराफा उलटत नाही, पाणी त्याच्यातून निघून जातं."

"तराफा कुठून आणू?" एवारिस्तो म्हणाला आणि रडायलाच लागला. बेटावरचं प्रत्येक झाड त्यानं स्वतःच्या हातांनी तोडलेलं.

बेलार्मिनो त्याच्याकडे बघत उभा राहिला. एवारिस्तो म्हणतो, फार वेळ उभा राहिला. मला वाटतं फार नसेल. मग त्यानं विळा घेतला आणि भोपळ्याचा वेल सरासरा कापला. वेलाच्या आत सहा खांब होते. पांगाऱ्याचेच, पण वाळलेले. एकेक ओंडका माणसाला कवेत घ्यावा लागेल इतका जाड. बुंध्याभोवतीची साल काढून त्यानं ते उभ्या उभ्या वाळवले होते. दोरी बाहेरूनच फिरायची, वेलाच्या आत कधी यायची नाही, हे बेलार्मिनोला पक्कं ठाऊक होतं. गव्हाणीच्या तळाशी चाऱ्याखाली लाकडी खुंट्या होत्या. त्याच्या गादीत पिठाच्या पोत्यांचं शिवलेलं शीड होतं. मी दुधाच्या दातांची होते तेव्हा लावलेलं ते कुंपण. इतकी वर्षं हा माणूस आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घरी जायची वाट वाढवत होता.

"धरा नाईकसाहेब," तो म्हणाला. "उपटायला एकट्यानं जमणार नाही."

ओंडके किनाऱ्यावर न्यायला कैदी धावले, शिपाई धावले. माझा बाप खुंट्या ठोकत होता आणि त्याच्या शेजारी बंदूक वाळूत टाकून एक शिपाई दोर आवळत होता. असं बेटावर त्याआधी कधी झालं नव्हतं, नंतरही नाही. डिरेक्टरसाहेब किल्ल्यावरून खाली आले. तराफ्याकडे बघितलं, बेलार्मिनोकडे बघितलं.

"नाईक," ते म्हणाले, "हा परत आला नाही तर तुला जबाबदार धरावं लागेल मला. समजतंय?"

"समजतंय, साहेब."

मला झोळीतून खाली आणलं, तेव्हा एवारिस्तो बेलार्मिनोच्या कानाशी बोलत होता. तोंड माझ्याकडे असल्यामुळे मला ऐकू आलं. "हिला तेवढी पोचव. पुढे समुद्र तुझा. वारा तुझ्या गावाकडे वाहतोय. मी काही बघितलं नाही." बेलार्मिनो पायानं ओंडक्यांचे सांधे तपासत होता.

मला डोलकाठीच्या बाकाला बांधलं. पहिली लाट अंगावर आली तेव्हा मला वाटलं संपलं. पाणी डोक्यावरून गेलं, नाकातोंडात गेलं, आणि मग ओंडक्यांच्या फटींतून खाली निघून गेलं, जसं तो म्हणाला होता तसंच. तराफा वर आला. बेलार्मिनो मागे वल्ह्यावर उभा होता. पन्नाशी उलटलेला, शेळ्यांच्या मागे फिरून वाकलेला तो म्हातारा तिथे सरळ उभा होता. मी त्याला इतका उंच कधी पाहिला नव्हता.

"जोविना, शिव्या येतात का तुला?" तो ओरडला.

"येतात!"

"मग दे. कळ आली की दे. गप्प राहू नकोस."

"कुणाला देऊ?"

"नवऱ्याला दे. त्याचाच प्रताप आहे."

मी एवारिस्तोला, त्याच्या दोरीला, सरकारला आणि सीताफळ तोडणाऱ्या कुऱ्हाडीला अशा शिव्या दिल्या की बेलार्मिनो हसता हसता वल्हं सोडतो की काय असं मला वाटलं. दुसऱ्या लाटेनंतर तिसरी, मग लाटा फुटायच्या थांबल्या आणि नुसते मोठे चढउतार राहिले. आम्ही बाहेर पडलो होतो. त्यानं पोत्यांचं शीड उभारलं. वारा धरून ते फुगलं तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघवेना. पंधरा वर्षांत त्यानं वाऱ्यावर शीड धरलं नव्हतं.

"तांडेल," मी विचारलं, "तुमच्या मुलीचं नाव काय?"

त्यानं शीडाचा दोर आवळला. मग म्हणाला, "ओटिलिया. आता तुझ्याएवढी असेल."

आगबोटीवरच्या खलाशांनी मला दोरानं वर घेतलं. पेट्रोनिलो नावाचा एक जाडजूड खलाशी होता, त्यानं मला उचलून खोलीत नेलं. डॉक्टर तरुण होता, मिसरूडही नीट फुटलं नव्हतं, पण त्यानं पोर वळवलं. कसं, ते मला विचारू नका. त्या वेळी मी दिलेल्या शिव्या बेलार्मिनोनंही ऐकल्या असतील. तो खाली तराफ्यावर दोर धरून थांबला होता. मुलगी झाली. आधी रडली नाही, मग रडली.

पेट्रोनिलोनं कठड्यावरून वाकून ओरडून सांगितलं, "दोघी जिवंत आहेत, बाबा! मुलगी आहे!"

कप्तान तिथेच उभा होता. पेट्रोनिलोनं मला नंतर सांगितलं की कप्तानानं वरून पाण्याचा पिंप आणि बिस्किटांची पिशवी सोडली आणि म्हणाला, "तराफेवाल्या, वारा चांगला आहे. आम्ही हिला रेसिफेला नेतो, पुढच्या खेपेला आणून सोडू. इथून माघारी जायचं तुला काही कारण नाही. या समुद्रात तू बुडालास असं मी लिहीन."

बेलार्मिनोनं पिंप घेतला, पिशवी घेतली, कप्तानाला सलाम केला आणि दोर सोडला.

खोलीला एक गोल खिडकी होती. मुलगी माझ्या छातीवर होती आणि खिडकीतून मला ते शीड दिसत होतं. ते पश्चिमेकडे, त्याच्या गावाच्या दिशेला वळलं. जा, मी म्हटलं. जा बाबा, जा, देव तुझं भलं करो. मी हसत होते आणि रडतही होते. शीड वाऱ्यावर भरलं, तराफा पळायला लागला, थोडा वेळ तसाच गेला. आणि मग शीड थरथरलं, रिकामं झालं आणि दुसऱ्या बाजूला भरलं. तराफा वळला. पुन्हा बेटाकडे, पुन्हा त्या लाटांकडे.

"मूर्खा!" मी ओरडले. डॉक्टर दचकला. "अरे मूर्ख म्हाताऱ्या, कुठे चाललास!" पण शीड लहान लहान होत गेलं.

किनाऱ्यावर एवारिस्तो उभा होता. तराफा निघाल्यापासून तो त्या जागेवरून हलला नव्हता. माझी आई म्हणाली, बस, बसला नाही. कसाव्याची भाकरी आणून दिली, खाल्ली नाही. तराफा लाटेवर दिसला तेव्हा बायकांनी छातीवर क्रूस काढला, कारण परत येतो आहे म्हणजे काहीतरी वाईट आहे, असंच सगळ्यांना वाटलं. चांगली बातमी सांगायला कुणी मोकळा माणूस तुरुंगात परत येतो का? शेवटच्या लाटेनं तराफा वाळूवर फेकला. बेलार्मिनो उतरला, गुडघ्यावर पडला, उठला आणि एवारिस्तोकडे चालत गेला.

"बाई सुखरूप आहे. मुलगी आहे. तीही सुखरूप आहे," तो म्हणाला. "आता बसा."

एवारिस्तो बसला. वाळूत बसून त्यानं म्हाताऱ्याच्या दोन्ही पायांना मिठी मारली. बेलार्मिनोला अवघडल्यासारखं झालं. "अहो उठा, नाईकसाहेब, कैदी बघतायत," तो म्हणत होता. मग पुढे होऊन त्यानं स्वतःच दोन्ही हात डिरेक्टरसाहेबांपुढे धरले.

साहेब वाईट माणूस नव्हता, पण नियमापुढे त्याचं चालत नसे. तराफा बाळगल्याबद्दल बेलार्मिनोला दगडी कोठडी झाली. माफीचा अर्जही साहेबानं रेसिफेला पाठवला. त्याचं उत्तर कधी आलं नाही. तराफा फोडायचं काम एवारिस्तोलाच लावलं. त्यानं फोडला. आयुष्यात कुऱ्हाड चालवताना तो तेवढा एकदाच रडला, असं माझी आई सांगायची.

मी पुढच्या आगबोटीनं परत आले. समुद्र तोवर निवला होता. म्हातारा कोठडीतून सुटून पुन्हा शेळ्यांकडे आला होता, आणखी वाळलेला. मी मुलगी त्याच्या हातात दिली.

"का वळलात हो?" मी विचारलं. "तुमची पोर तिकडे वाट बघत असेल."

"ती कुठली वाट बघते. तिला बाप आठवतसुद्धा नसेल," तो म्हणाला. "वाट बघणारा माणूस इकडे होता. मी त्याला उभा सोडून आलो होतो." मग मुलीच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "नाकानं बापावर गेली, बिचारी."

मुलीचं नाव आम्ही ओटिलिया ठेवलं आणि बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून बेलार्मिनोला उभं करायचं ठरवलं. पाद्रीबाबा कुरकुरले. कैदी, तोही खुनी, असा धर्मपिता चालणार नाही म्हणाले. "संत पेद्रोसुद्धा तुरुंगात होता की, पाद्रीबाबा," मी म्हटलं, "आणि तोही कोळीच." त्यावर त्यांनी पाणी शिंपडलं. आमच्यात पोराचा धर्मपिता म्हणजे बापाचा कोंपाद्रे. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कोंपाद्रेशी नाही. त्याच्यावर हात उचललेल्याला मेल्यावर देवसुद्धा दारात उभं करत नाही. त्या दिवसापासून एवारिस्तो त्याला कोंपाद्रे म्हणायला लागला. बेलार्मिनो मात्र शेवटपर्यंत "नाईकसाहेब"च म्हणाला, चिडवायला.

पांगाऱ्याच्या फांद्या पुन्हा खोचल्या. भोपळ्याचा वेल पुन्हा चढला. एवारिस्तो आता वर्षातून दोनदा वाड्याच्या आत जायचा. सार्जंट म्हातारा झाला होता, त्याला गणवेश ओळखेना, नाहीतर त्यालाही कळलं असेल. नवरा वेलात शिरायचा, दोरी फिरवायचा आणि बाहेर येऊन कचेरीत सांगायचा, "कुंपण ठीक आहे. एकही गाठीबाहेर नाही." खोटं बोलायला तो फार उशिरा शिकला, पण शिकला. घरी आल्यावर मला खरं सांगायचा. दोरीला त्यानं दुसरी गाठ मारली होती, पहिलीच्या कितीतरी पुढे, तराफ्याच्या ओंडक्याच्या मापाची.

"अजून नाही पुरत," तो म्हणायचा. "म्हटलं त्यांना, कोंपाद्रे, अजून एक पावसाळा थांबा. हा समुद्र आहे, डबकं नव्हे."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, लग्न झाल्यापासून तुम्ही शहाणे झालात."

असे बरेच पावसाळे गेले. ओटिलियानं प्रसादाची पहिली भाकर घेतली, म्हणजे तिचं पहिलं कम्युनिअन झालं, त्या वर्षी मी तिला पांढरा झगा शिवला. धर्मपिता म्हणून म्हातारा देवळात मागे उभा होता, टोपी छातीशी धरून. बाहेर आल्यावर त्यानं तिला शिंपल्यांची माळ दिली. मग तो एवारिस्तोकडे वळला.

"काय, नाईकसाहेब? दोरी काय म्हणते?"

"झाले," एवारिस्तो म्हणाला. "वाळलेत पण. वाजवून बघितले मी."

"तीस वर्षं पुरी होईस्तोवर मी कुठला उरतोय," म्हातारा म्हणाला. त्याला आमची परवानगी हवी होती, हे मला तेव्हा कळलं.

"जा," मी म्हटलं. "आणि या वेळी वळलात तर मी स्वतः कुऱ्हाड घेऊन येईन."

गेला तो भर दुपारी, सगळं बेट संत जोआँवच्या सणाला मका भाजत होतं तेव्हा. पश्चिमेच्या लहान खाडीवर त्या दिवशी पहारा एवारिस्तोचा होता. संध्याकाळच्या हजेरीला एक माणूस कमी भरला. एवारिस्तोनं सांगितलं की एक शेळी हरवली होती, ती शोधायला आपण डोंगराच्या पलीकडे गेलो होतो. नव्या साहेबाला ते पटलं नाही. एवारिस्तोचा हुद्दा गेला. बाहीवरची पट्टी उसवायला मीच कात्री दिली. नाईकसाहेबाचा साधा शिपाई झाला, आणि मला त्याचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

पण त्या दिवसापासून त्याला एक खोड लागली. रोज संध्याकाळी तो त्या खाडीवर जाऊन उभा राहायचा. जेवण निवायचं. मी ओटिलियाला बोलवायला पाठवायचे. येतो म्हणायचा, यायचा नाही. साठीचा म्हातारा, पिठाच्या पोत्यांचं शीड, मधे एवढा समुद्र. आगबोट यायची, रेसिफेची बातमी यायची, तराफ्याची यायची नाही. एक आगबोट आली, गेली. दुसरी आली, गेली.

तिसऱ्या आगबोटीवर पेट्रोनिलो होता. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण मी ओळखलं. पिठाची पोती उतरवायचं सोडून तो सरळ आमच्या दारात आला. एवारिस्तो नुकताच खाडीवर जायला निघाला होता.

"रेसिफेच्या उत्तरेला, नातालच्या धक्क्यावर एक म्हातारा मला शोधत आला होता," पेट्रोनिलो म्हणाला. "उन्हानं सोललेला, पायांना चिंध्या बांधलेल्या. कुठल्यातरी वाळवंटी किनाऱ्याला लागला होता, तिथून चालत आला. सिआराला जायचं म्हणजे धक्का उलट्या दिशेला. मी म्हटलं, बाबा, तुझं गाव तिकडे, तू इकडे कसा? तर म्हणाला, फर्नांदोची आगबोट वाटेत इथे लागते ना. म्हणून आधी इकडे आलो."

"आणि?" एवारिस्तोनं विचारलं.

"तुमच्यासाठी निरोप दिलाय. म्हणाला, नाईकसाहेबांना सांग, किनाऱ्याला लागलो. आता बसा." पेट्रोनिलोनं डोकं खाजवलं. "मी विचारलं, पोरीला भेटलास का? तर म्हणाला, नाही अजून. आता तिकडेच निघालोय."

एवारिस्तो उंबऱ्यावर बसला. मी चूल पेटवली, पेट्रोनिलोला कॉफी केली, बीन्स गरम केले. त्या संध्याकाळी माझा नवरा खाडीवर गेला नाही. आमच्याबरोबर जेवला.